मुद्दा मराठीत सुचू द्या

क्लासला येणाऱ्या मुलांची आयएल्ट्सची निकालपत्रे चाळली तर एक चित्र पुन्हा पुन्हा दिसते. श्रवण साडेसात, वाचन सात, संभाषण साडेसहा आणि लेखन साडेपाच. सरासरी ६.६२५, म्हणजे नियमाने एकूण बँड साडेसहा. घरी पेढे वाटले जातात. मग कोणीतरी विद्यापीठाची अट नीट वाचते: एकूण साडेसहा, पण कुठल्याही विभागात सहाच्या खाली नको. पुन्हा फी, पुन्हा तारीख, आणि आपल्याकडे पुन्हा ‘रायटिंगची स्पेशल बॅच’. त्या बॅचमध्ये मुलाच्या हाती काय पडते? बहुतेक ठिकाणी आणखी एक टेम्प्लेट.

हे टेम्प्लेट आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. आजच्या आधुनिक जगात हा विषय किती वादग्रस्त आहे, हे पहिल्या ओळीत. आपण दोन्ही बाजू मांडणार आहोत, हे दुसऱ्या ओळीत. मग प्रत्येक परिच्छेदाच्या तोंडाशी ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोअर’, आणि शेवटी ‘इन अ नटशेल’. मुलांना त्यात काही गैर वाटत नाही, कारण दहावीपर्यंत निबंध म्हणजे गाइडमधून पाठ करायची गोष्ट, हेच त्यांनी पाहिलेले असते. आपण तीच सवय इंग्रजीत, जास्त फी घेऊन, पुढे चालवतो.

परीक्षकाच्या हातातले निकष काही गुप्त नाहीत. ते जाहीर आहेत आणि कोणालाही वाचता येतात. दुसऱ्या टास्कचा, म्हणजे निबंधाचा, बँड चार गोष्टींवर ठरतो आणि चारींचे वजन सारखे: विचारलेल्या प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीतली सुसूत्रता, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. म्हणजे निम्मे माप विचाराचे आणि त्याच्या रचनेचे आहे. जोडशब्दांची जोडणी वाचताना जाणवू नये, ही वरच्या बँडची खूण; ते यांत्रिकपणे पेरलेले दिसले की बँड खाली येतो. संपूर्ण उत्तर पाठ केलेले असल्याचा पुरावा असेल तर शून्य. त्यात हा निबंध पहिल्या टास्कच्या दुप्पट वजनाचा, हे वेगळेच.

एक नमुना पाहू. प्रश्न असा: ‘शहरांनी रस्ते रुंद करण्यापेक्षा सार्वजनिक वाहतुकीवर पैसा खर्च करावा, याच्याशी तुम्ही कितपत सहमत आहात?’ पुण्यातली विद्यार्थिनी लिहिते की वाहतूक ही मोठी समस्या आहे, प्रदूषण वाढते, लोकांचा वेळ जातो, म्हणून सरकारने पावले उचलावीत. अडीचशे शब्द भरले, व्याकरण बरे, पण ती कितपत सहमत आहे ते कुठेच नाही. याच मुलीला मराठीत विचारा, ‘तू रोज हडपसरहून येतेस, तुला काय वाटतं?’ ती न थांबता सांगेल, ‘सर, रस्ता रुंद केला की दोन महिने बरं वाटतं, मग तिथेच गाड्या लागतात. बस त्याच गर्दीत अडकते. आणि बस वेळेवर येत नाही म्हणून तर माझ्या भावानं दुचाकी घेतली.’ झाला की निबंध! यात भूमिका आहे, कारण आहे, उदाहरण आहे, आणि बस रखडली की रस्त्यावर आणखी एक गाडी येते हा कार्यकारणभावही आहे. टेम्प्लेटमध्ये यातले काहीच मावत नव्हते.

म्हणूनच क्लासच्या दारावर ‘ओन्ली इंग्लिश’ची पाटी लावून आपण आपलेच नुकसान करून घेत आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या टास्कला सुचवलेल्या चाळीस मिनिटांतली पहिली पाच मिनिटे विचाराची असतात. सरावाच्या पहिल्या काही आठवड्यांत ती पाच मिनिटे मराठीत जाऊ द्यावीत. मुलाने कच्च्या कागदावर तीन ओळी मराठीत लिहाव्यात: माझे म्हणणे काय, का, आणि कशावरून. शेजारच्याने ‘पण मग…’ म्हणून एक शंका काढावी. त्यानंतर कागद उलटा करून इंग्रजीत लिहायला घ्यावे. त्या मराठी वाक्यांचे भाषांतर मात्र करू देऊ नये. ते केले की क्रियापद शेवटी जाऊन बसते, ‘ए’ आणि ‘द’ गळतात, आणि वाक्य पेलवेनासे होते. फक्त मुद्दा मराठीतून यावा. परीक्षा जवळ येईल तसे ते तीन मुद्देही इंग्रजीत उतरवायला लावावेत.

यावर नेहमीचा आक्षेप असा की मराठीत विचार केला की संभाषणात मुले अडखळतात. हा आक्षेप खरा आहे. संभाषणाच्या दुसऱ्या भागात तयारीला एक मिनिट आणि बोलायला दोन मिनिटेच मिळतात. तिथे डोक्यात भाषांतर सुरू झाले की संपलेच. त्या तासाला इंग्रजीशिवाय काही नको. पण संभाषणाचा नियम लेखनाच्या तासाला लावायचे कारण नाही. दोन कौशल्ये, दोन तास, दोन शिस्ती.

ही चर्चा फक्त आयएल्ट्सपुरती नाही. टोफेलने जुलै २०२३ मध्ये जुना स्वतंत्र निबंध काढून टाकला. त्याच्या जागी वर्गातल्या चर्चेला उत्तर देण्याचे काम आले: प्राध्यापकाचा प्रश्न, दोन विद्यार्थ्यांची मते, आणि दहा मिनिटांत आपले म्हणणे. समोरच्या दोघांनी काय म्हटले ते लक्षात घेऊन लिहायचे असल्याने गाइडमधला निबंध तिथे फारसा कामाचा नाही. जे क्लासेस टेम्प्लेटवर चालतात त्यांना हा बदल जड गेला.

राहिला व्यवहार. विचार शिकवायचा तर वह्या तपासाव्या लागतात, आणि चाळीस मुलांच्या बॅचमध्ये ते होत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. कॅनडाने ८ नोव्हेंबर २०२४ ला विद्यार्थ्यांसाठीची जलद व्हिसा योजना बंद केली, तेव्हापासून केवळ तिकडे जायला ठराविक बँड काढून घेणारा वर्गही पूर्वीसारखा राहिलेला नाही. मोठ्या बॅचेस आपोआप लहान होत असतील तर तो वेळ वह्यांना द्यावा. लाल पेन व्याकरणावर चालवण्याआधी समासात एकच प्रश्न लिहावा: विचारलेल्याचे उत्तर कुठल्या ओळीत आहे? विद्यार्थ्याला ती ओळ दाखवता आली नाही, तर ‘ए’ आणि ‘द’ दुरुस्त करायची त्या दिवशी घाई नाही. वही परत द्यावी, आणि पुन्हा लिहून आणायला सांगावे.