पुराना स्टॅन परत मागणाऱ्या भावांना

‘पुराना स्टॅन कुठं गेला?’ असं विचारणाऱ्या प्रत्येक भावाला मला आधी एक उलटा प्रश्न विचारायचा आहे. पुराना म्हणजे नेमका कितवा?

२०१८ च्या ‘वाटा’मधला? २०१९ च्या ‘खुजा मत’मधला, ज्यानं एका मोठ्या रॅपरला थेट अंगावर घेतलं? २०२० च्या ‘तडीपार’मधला? का त्याच्याही आधीचा, बाराव्या वर्षी कव्वाली गाणारा अल्ताफ? कारण एमसी स्टॅनची सुरुवात रॅपनं झालेलीच नाही. पुण्यातलं हे पोरगं आधी कव्वाली गात होतं, हे त्यानंच सांगितलेलं आहे. मग खरा तक्रारीचा हक्क कुणाचा असेल तर त्या कव्वाली ऐकणाऱ्या चाचांचा. त्यांचा गायक तर पहिल्या रॅपलाच गेला. तुमचा ‘ओरिजनल’ स्टॅन हा त्यांच्या हिशेबानं बिघडलेला स्टॅन आहे.

मी मिरजगावातल्या आणि कर्जतच्या कॉलेजातल्या पोरांना हे विचारून पाहिलं. एक गोष्ट दरवेळी दिसली. ज्याला जो स्टॅन ‘खरा’ वाटतो, तो बरोबर त्याच्या दहावी-बारावीच्या वर्षातला असतो. पहिला स्मार्टफोन, पहिले इअरफोन, घरात पहिली मोठी भांडणं, तेव्हा कानात जो वाजत होता तो. परत यावं असं ज्याला वाटतं ते स्वतःचं सतरावं वर्ष आहे, आणि बिल फाडलं जातंय गायकाच्या नावावर.

आता बदल काय झाला ते नीट बोलू. ‘तडीपार’ काळोखी होता. जड बेस, दातओठ खाऊन म्हटलेल्या ओळी, समोरच्याची औकात काढणं. २०२२ ला ‘इन्सान’ आला तेव्हा त्यात सूर जास्त होता, शब्द ओढून म्हटलेले होते, आवाजावर ऑटोट्यूनचा थर होता. प्रेम, पस्तावा, एकटेपण, आईबाप. बरीच पोरं बिथरली. ‘रडायला लागला.’ ‘मुलींसाठी गातो.’ ‘ऑटोट्यूनशिवाय गाऊन दाखव म्हणावं.’ नंतर २०२३ च्या फेब्रुवारीत तो ‘बिग बॉस’ जिंकला, घराघरांत पोचला, आणि मग तर ‘आपल्या हातातून गेला’ ही तक्रार कायमचीच झाली.

ऑटोट्यूनचं आधी संपवून टाकू, कारण त्यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा आहे आणि सगळ्यात कमी माहिती. हे सॉफ्टवेअर १९९७ चं. बनवणारा अँडी हिल्डेब्रँड हा इंजिनिअर. त्याआधी तो तेल शोधणाऱ्या कंपन्यांसाठी जमिनीखालून परतणाऱ्या लहरींचं गणित करायचा. तेच गणित त्यानं आवाजाला लावलं, चुकलेला सूर गुपचूप जागेवर आणण्यासाठी. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ गाण्यात ते मुद्दाम इतकं ताणून वापरलं की आवाज यंत्रातून आल्यासारखा झाला, आणि लोकांना नेमकं तेच आवडलं. म्हणजे चूक लपवायला ऑटोट्यून वापरणं वेगळं आणि ते समोर ठेवून वाजवणं वेगळं. स्टॅन ते लपवत नाही. हार्मोनियमला ‘हा भाता का हलतो’ असं कुणी विचारतं का? ऑटोट्यून कंटाळवाणं वाटत असेल तर तसं म्हणा, मला त्याची काही गाणी तशी वाटतात. फसवणूक म्हणू नका.

पण ऑटोट्यून हे निमित्त आहे, दुखणं वेगळं आहे. आणि ते दुखणं खोटं नाही.

आमच्या गावात, आमच्या घरात जी भाषा बोलली जाते तिला कुणी नाव देत नाही. शाळेत मराठी, मदरशात उर्दू, आणि घरात ‘हमारेकू’, ‘तेरेकू’, मधेच अख्खं मराठी वाक्य. पुस्तकी उर्दूवाले तिला गावंढळ म्हणतात आणि हिंदीवाले हसतात. स्टॅननं ‘वाट’ आणि ‘शेमडी’ असले आपल्या मातीतले शब्द तसेच उचलले, पुण्याच्या गल्लीतल्या हेलासकट, आणि देशभरच्या पोरांना ते म्हणायला लावले. शेंबडी हा शब्द आपल्या आज्या नाक पुसताना वापरतात. तो दिल्लीतली पोरं फॅशन म्हणून बोलायला लागली, तेव्हा आपल्याला काय वाटलं ते मला समजावून सांगायची गरज नाही. म्हणून तो ‘आपला’. म्हणून तो बदलला की पोटात खड्डा पडतो. इथपर्यंत मी तुमच्याच बाकावर बसलोय.

पण मग हिशेब पूर्ण करा. ती बोली ‘इन्सान’मध्येही आहे. गेली कुठं? गेली ती शिवी, किंवा कमी झाली. गेली ती मुठी आवळून आलेली चाल. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना बोली हवी नव्हतीच, मारामारी हवी होती.

हे मी उगाच म्हणत नाही. त्याच्या जुन्या गाण्यांत बायकांबद्दल जे आहे ते घरात मोठ्यानं लावता येत नाही, हे आपल्याला माहीत आहे. आपण इअरफोन घालून ऐकायचो. आपल्या बहिणी त्याच खोलीत अभ्यास करत होत्या. तेव्हा कुणाच्या निष्ठेला धक्का बसला नाही. ‘बिग बॉस’मध्ये ऐंशी हजारांच्या बुटांची चर्चा झाली, तेव्हाही ‘बस्तीचा पोरगा’ म्हणून टाळ्याच पडल्या. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो त्या घरातल्या पोरानं त्या बुटांचा स्टेटस ठेवला. शिवी चालली, बूट चालले, बायकांची बेइज्जती चालली. आणि पोरगं जरा सुरात गायला लागलं, आईबापाचं नाव घ्यायला लागलं, दुखलं म्हणायला लागलं, तर ‘बिकला’! नीट बघितलं तर आपली चीड त्याच्या कमकुवत गोष्टींवर नाही, त्याच्या नरमपणावर आहे. पुरुषानं रडायचं नाही हे आपण गल्लीत एकमेकांना शिकवतो, आणि आता तेच एका गायकाला शिकवायला निघालोय.

२०२३ च्या मार्चमध्ये इंदूरला काही संघटनांच्या लोकांनी त्याचा कार्यक्रम मधेच बंद पाडला. कारण दिलं शिव्यांचं. त्या आठवड्यात आपली सगळी पोरं पेटून उठली होती: कलाकारानं काय गायचं हे तुम्ही कोण ठरवणार? अगदी बरोबर प्रश्न होता. तो इंदूरवाल्यांपुरता होता का? शिव्या दिल्या म्हणून ते माइक बंद करणार आणि शिव्या कमी केल्या म्हणून आपण त्याला ‘संपला’ म्हणणार. दोघांनाही तो आपापल्या खोक्यात हवा आहे. फरक इतकाच की आपल्या हातात काठी नव्हती.

आपल्याच जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ‘असलं आजकालच होतं’ असं म्हणणारेही आहेत. संगमनेरचा शाहीर अनंत फंदी. १७४४ चा जन्म. घराणं ब्राह्मणाचं, आडनाव घोलप. पण मलिक फंदी नावाच्या एका फकिराच्या संगतीत राहिला आणि त्याच्याच नावानं ओळखला जाऊ लागला, असं सांगतात. म्हणजे मराठीतला एक नामांकित शाहीर आपल्यातल्या एका फकिराचं नाव लावून दोनशे वर्षं मिरवतोय, आणि आपल्याला शाळेत हे कुणी सांगत नाही (हे लिहायचं नव्हतं, पण राहवलं नाही). फंदी तमाशात रंगणारा माणूस. लावण्या, पोवाडे, डफ, रात्र रात्र जागणारे लोक. परंपरा सांगते की तो अहिल्याबाई होळकरांकडे गेला, तेव्हा त्यांनी त्याला समजावलं: ब्राह्मण असून हे काय गातोस? आणि फंदीनं तमाशा सोडून कीर्तन धरलं.

अहिल्याबाई आपल्या शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. २०२४ पासून जिल्ह्यालाच त्यांचं नाव आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि त्या काळाच्या रीतीनं त्यांनी सांगितलं त्यात नवल नाही. मला नवल वाटतं ते आपलं. ही गोष्ट आपण सुधारणेची गोष्ट म्हणून सांगतो: बघा, कसा सन्मार्गाला लागला. ज्यांनी त्याच्या लावणीवर रात्री जागवल्या त्या संगमनेरच्या रसिकांना काय वाटलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्यांनीही म्हटलं असेल, पुराना फंदी कुठं गेला. पण त्यांना कुणी विचारलं नाही, कारण बदलाचा हुकूम वरून आला होता. आणि कारण काय होतं? गाणं वाईट होतं हे नाही. जातीला शोभत नाही, हे होतं.

कलाकार दरबाराच्या शब्दावर बदलला की आपण त्याला सुधारला म्हणतो. स्वतःच्या मनानं बदलला की बिकला म्हणतो. आज दरबार कुणाचा आहे? आपला. व्ह्यू मोजणारे आपण, तिकीट काढणारे आपण. दरबार झालो म्हणून दरबारासारखं वागायलाच पाहिजे असं कुठं आहे?

प्रल्हाद शिंद्यांचं उदाहरण अजून जवळचं. त्या माणसानं कव्वाल्या गायल्या, भीमगीतं गायली आणि विठ्ठलाची गाणीही. आषाढीला पंढरपूरच्या दिंड्या आमच्या नगर-सोलापूर रस्त्यानं जातात तेव्हा चहाच्या टपऱ्यांवर त्यांचाच आवाज असतो, आणि १४ एप्रिलला वस्तीत पुन्हा त्यांचाच. त्यातला खरा शिंदे कुठला हे शोधत बसणाऱ्याच्या हाती काय लागणार?

आता आपल्यातल्या दुसऱ्या बाजूला. काही भाऊ म्हणतात, बदलायचंच तर पूर्ण बदल, गाणं सोडून दे. संगीताबद्दल उलमांमध्ये मतभेद जुने आहेत, ते इथं मिटवायची माझी पात्रता नाही. ज्याला ते चुकीचं वाटतं त्यानं ऐकू नये, त्याचा मान आहे. पण दुसऱ्याच्या तौबेची तारीख आपण ठरवायची, हे कुठून आलं? इंग्लंडचा कॅट स्टीव्हन्स १९७७ मध्ये मुसलमान झाला, युसूफ इस्लाम झाला, आणि प्रसिद्धीच्या शिखरावरून उतरून त्यानं गाणं बंद केलं. जुने चाहते चिडले, आपल्याकडचे खूश झाले. पुढे वर्षानुवर्षं तो मुलांच्या शाळांच्या कामात राहिला. मग २००६ मध्ये तो नव्या अल्बमसह परत आला. आता पाट्या उलट फिरल्या: जुने चाहते खूश, आपल्यातले काही नाराज. माणूस तोच. दोन्ही वेळा त्यानं स्वतःच्या ईमानाशी बसून निर्णय घेतला, दोन्ही वेळा गर्दीला वाटलं की निर्णय आपला होता.

हे सगळं एका रॅपरसाठी एवढं का लावून धरायचं? कारण हीच गोष्ट आपल्याबरोबर रोज होते. मी ज्या शाळेत शिकलो तिथं गॅदरिंगला मुस्लिम पोरांना ठरलेलं काम असायचं: कव्वाली. जाळीची टोपी, गळ्यात रुमाल, टाळ्या. एका वर्षी आमच्यातल्या एकानं पोवाडा म्हणायचा म्हटलं. चांगला म्हणायचा, घरी रेडिओवर ऐकून शिकला होता. सर हसले, म्हणाले, ‘अरे, तुमची कव्वालीच शोभते.’ शोभते! पेशवाईच्या पडझडीवर पोवाडे रचणारा सगनभाऊ जेजुरीचा मुसलमान शिकलगार होता, बार्शीत जन्मलेल्या मेहबूब हुसेन पटेलनं शाहीर अमर शेख होऊन संयुक्त महाराष्ट्र जागवला, हे त्या सरांना माहीत नसेल. पण ‘तुम्हाला हे शोभतं, हेच करा’ हे वाक्य त्यांच्यापुरतं नाही. टीव्हीवर मुसलमान दिसला की शायरी नाहीतर सुरी. आणि आपण एका पुण्याच्या पोराला सांगतोय: तू बस्तीतलाच रहा, चिडलेलाच रहा, शिव्याच दे, तुला तेच शोभतं. त्या सरांचं वाक्य आपल्याच तोंडून निघतंय.

बस्तीतून निघण्यासाठी आपले अब्बा राबतात, पोरीला डी.एड.ला घालतात, पोराला पुण्याला पाठवतात. बस्ती ही कुणाची कायमची वर्दी नव्हे.

तर तुम्ही टीका करू नका असं मी म्हणत नाही. उलट, आजवर आपण टीका केलीच नाही. आधी आरती ओवाळली आणि आता दगड मारतोय. टीका वेगळी असते. ‘इन्सान’मधल्या काही गाण्यांत तोच तोच ताल पुन्हा येतो आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत कान थकतो. दुःखाचं गाणं म्हणून सुरू होतं आणि दोन मिनिटांत स्वतःच्या साखळीवर येतं, तिथं माझं त्याच्याशी जमत नाही. पण जिथं तो आईबापाबद्दल सरळ बोलतो, ऑटोट्यूनच्या थराखालूनही आवाज फाटतो, तिथं ‘तडीपार’मध्ये नव्हतं असं काहीतरी आहे. हे माझं मत. तुमचं वेगळं असेल तर गाणं लावा, ओळ दाखवा, कर्जत स्टँडवर चहा माझ्याकडून.