‘जरा लांब बघा’ म्हणणाऱ्यांना एकच प्रश्न : तिथं पाणी कोण देणार?

‘बजेट कमी आहे ना? मग जरा लांब बघा.’

पुण्यात घर शोधणाऱ्या प्रत्येक नोकरदाराला हे वाक्य ऐकावं लागतं. एजंट म्हणतो, बँकेतला माणूस म्हणतो, साडू म्हणतो, ऑफिसातला सीनियर म्हणतो. माझं म्हणणं स्पष्ट आहे. हा सल्ला चुकीचा आहे. तरी तो इतकी वर्षं बिनबोभाट चालतो, कारण त्यात बिल्डरचा फायदा आहे, सरकारचा आहे आणि आम्हा पेपरवाल्यांचाही आहे. तोटा फक्त हप्ता भरणाऱ्याचा आहे.

मी बार्शीत पत्रकारिता करतो. आमच्याकडची, करमाळ्याची, परंड्याची, भूमची निम्मी तरुण पोरं पुण्यात आहेत. दहा वर्षं भाड्यानं काढली, लग्न झालं, पोरगं शाळेत घालायची वेळ आली की मला फोन येतो. ‘दादा, तुम्ही पेपरात आहात, एवढी साइट बघता का?’ म्हणून मांजरी, फुरसुंगी, वाघोली, नऱ्हे, आंबेगाव, पार उरुळी कांचनपर्यंत हिंडलोय. सॅम्पल फ्लॅट बघितले, फुकटचा चहा प्यालोय. सेल्सची पोरं क्लब हाउस दाखवतात, गार्डन दाखवतात, पोहायचा तलाव दाखवतात. ‘प्यायचं पाणी कुठून येतं?’ विचारलं की मात्र मॅनेजरला बोलवायला जातात.

आधी हिशोब करू. भावनेवर नंतर येऊ.

समजा, लांबचा फ्लॅट ५० लाखांचा आहे आणि तसाच जवळचा ६० लाखांचा. दहा लाख वाचले म्हणून पोरगं लांब जातं. आता दहा लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता होतो साधारण ८,७०० रुपये. म्हणजे लांब गेल्याचा खरा फायदा महिन्याला ८,७०० रुपये. यापेक्षा जास्त एक रुपयाही नाही.

आता वजाबाकी करा. जवळच्या घरापेक्षा ऑफिस १५ किलोमीटर जास्त लांब पडलं तर जाऊन-येऊन ३० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५० किलोमीटर. गाडी लिटरला ४५ देत असेल आणि पेट्रोल १०५ च्या आसपास असेल, तर एका गाडीचे झाले साडेसतराशे. नवरा-बायको दोघं नोकरीला असतात, दोन गाड्यांचे साडेतीन हजार. उरले ५,२०० रुपये. त्यातून स्कूल बस, टँकरचा वाटा आणि प्यायच्या पाण्याचे विकतचे जार. शिवाय रोज जाताना-येताना एकेक तास जास्त, म्हणजे माणशी महिन्याला ५० तास. आठ तासांचा दिवस धरला तर सहा दिवसांपेक्षा जास्त. एवढे दिवस माणूस दर महिन्याला रस्त्यावर फुकट राबतो. हे कुठल्याच ब्रोशरमध्ये छापत नाहीत.

आणि ५० लाखांचा फ्लॅट तरी ५० लाखांत कुठं मिळतो? पुणे महापालिकेच्या हद्दीत पुरुषाच्या नावावर मुद्रांक शुल्क ७ टक्के, बाईच्या नावावर ६. नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असेल तर वर ५ टक्के जीएसटी. म्हणजे सहा लाखांच्या वर रक्कम अशी जाते की तिची एक वीटसुद्धा दिसत नाही. परवडणाऱ्या घराला एक टक्का जीएसटीची सवलत आहे, पण तिची मर्यादा ४५ लाख आहे. ती २०१९ मध्ये ठरली आणि अजून तिथंच आहे. घरांचे भाव काय २०१९ मध्ये थांबलेत का?

आता पाण्याचं बघू. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं, हे सरकारी नियोजनाचंच माप आहे. ५०० फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं. दिवसाला झाले दोन लाख ७० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे २७ टँकर. रोज. एका सोसायटीला. आजूबाजूला अशा किती सोसायट्या आहेत ते वाघोलीच्या कुठल्याही गच्चीवर उभं राहून मोजा. हे पाणी येतं बोअरमधून, विहिरीतून, कुठून कुठून. ते तपासतं कोण? उन्हाळ्यात मी एका सोसायटीच्या नोटीस बोर्डावर हिशोब वाचला. टँकरचा आकडा लिफ्ट, वॉचमन, सफाई या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठा होता. म्हणजे हप्ता बँकेला, मेंटेनन्स सोसायटीला, आणि त्यातला मोठा घास टँकरवाल्याला.

नुसत्या पैशाचा प्रश्न असता तर आपण सोसलं असतं, आपली जात सोसणाऱ्यांचीच आहे. पण जानेवारी २०२५ आठवा. सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गुलियन बॅरे सिंड्रोमचे, जीबीएसचे रुग्ण सापडायला लागले. संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. हातपाय लुळे पडलेली माणसं व्हेंटिलेटरवर गेली, काही दगावली. संशयाची सुई पाण्याकडे गेली. नांदेड गावातल्या विहिरीवर अधिकाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागली, खासगी आरओ प्रकल्पांना टाळी ठोकली. या गावांना विहिरीचं पाणी नीट शुद्धीकरण न होता, नुसतं क्लोरीन टाकून जात होतं, हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळलं. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर! अख्ख्या पुण्याची तहान भागवणाऱ्या धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना प्यायला धड पाणी नाही, आणि आपण त्याला ‘विकसनशील उपनगर’ म्हणतो.

याला जबाबदार कोण, तेही स्पष्ट बोलू.

२०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत घेतली. २०२१ च्या जूनमध्ये आणखी २३ घेतली. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. शहराचा कचरा वर्षानुवर्षं झेलला याच दोन गावांनी. तेवढ्यावर भागलं नाही. २३ गावं महापालिकेत आली, पण नियोजनाचे अधिकार सरकारनं पीएमआरडीएकडे ठेवले. म्हणजे परवानगी द्यायची एकानं, तिचं शुल्क घ्यायचं त्यानंच, आणि पाणी, ड्रेनेज, रस्ता द्यायचा दुसऱ्यानं. बारशाचं जेवण एकाकडे आणि पोर सांभाळायचं शेजाऱ्यानं, असला हा कारभार. त्यात मार्च २०२२ पासून साडेतीन वर्षांहून जास्त काळ महापालिकेत निवडून आलेला एक नगरसेवक नव्हता. पाणी आलं नाही तर दार ठोठवायचं कुणाचं? प्रशासकाचं?

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक कागद आहे. त्याचं नाव हमीपत्र. ज्या भागात सरकारी पाणी नाही, तिथं बांधकाम परवानगी घेताना बिल्डर लिहून देतो की सरकारी पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. त्या कागदावर परवानगी मिळते, इमारत उभी राहते, फ्लॅट विकले जातात, सोसायटी स्थापन होते आणि बिल्डर पुढच्या साइटवर जातो. हमी मागं फायलीत राहते आणि टँकरचं बिल सोसायटीच्या गळ्यात पडतं. ज्यांना ही हमी दिली ते अधिकारी ती पाळली जाते का हे बघायला येत नाहीत. ज्यांच्यासाठी दिली त्यांना असा कागद आहे हेच माहीत नसतं. मी पाच-सहा सोसायट्यांमध्ये विचारलं. एका सेक्रेटरींनी तर मलाच विचारलं, ‘हे कुठं मिळतं?’

आता लोक म्हणतील, ‘अहो, सुरुवातीला त्रास होतोच, हळूहळू सगळं येतं. कोथरूडसुद्धा एकेकाळी माळरान होतं.’ बरोबर आहे. पण हळूहळू म्हणजे किती? २०१७ मध्ये ११ गावं आत आली तेव्हा पहिलीत असलेलं पोर आता दहावीच्या उंबऱ्यावर आहे. त्याचं बालपण टँकरच्या भोंग्यावर गेलं. मेट्रोचं बघा. रामवाडीपर्यंतची मेट्रो मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. रामवाडी ते वाघोली या वाढीव मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली जून २०२५ मध्ये, आणि काम पूर्ण करायला चार वर्षं धरली आहेत. पण ‘मेट्रो येणार’ म्हणून वाघोलीतल्या फ्लॅटचा भाव मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून घेतला जातोय. मंजुरीच्या आधीच विकलेल्या मेट्रोचं व्याज भरलं कोणी?

दुसरे म्हणतील, ‘गुंतवणूक म्हणून बघा, भाव वाढतोय.’ ज्याचं एकच घर आहे त्यानं ते विकून राहायचं कुठं? राहत्या घराचा भाव वाढल्यानं पोराची शाळा जवळ येत नाही.

आता आमच्या धंद्याबद्दल. रविवारचा पेपर उघडा. पहिलं पान जाहिरातीचं, ‘हायवेपासून फक्त १५ मिनिटं’. आतल्या पानावर ‘अमुक भागाचा झपाट्यानं विकास’ असा लेख, शेजारी त्याच भागातल्या प्रकल्पाची जाहिरात. टँकरची बातमी मात्र पाचव्या पानावर, तीही एप्रिल-मेमध्ये. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही, हे मला कळतं, माझंही घर त्यावरच चालतं. पण जाहिरातीला बातमीचे कपडे घातले की वाचक फसतो, आणि तो वाचक म्हणजे आपल्याच गावचं पोरगं असतं.

‘रेरा नंबर आहे, मग काय घाबरायचं?’ असंही काही जण म्हणतात. रेरा चांगला कायदा आहे. करारनाम्याची नोंदणी केल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरनं दुरुस्त करून द्यायचा. हे सगळं वापरा. पण नुसत्या नंबरावर विसंबू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी खोट्या परवानग्या जोडून रेरा नंबर मिळवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडायचा आदेश दिला. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि डम्पिंग ग्राउंडसाठी राखीव असलेल्या जागेवरच्या ४१ इमारतींवर हातोडा पडला. त्या घरांत राहणारे बजेट कमी म्हणून लांब गेलेलेच होते ना?

मग करायचं काय? मला जे फोन करतात त्यांना मी हे सांगतो.

पाणी आधी बघा, फ्लॅट नंतर. शेजारच्या तयार सोसायटीत एप्रिल-मेमध्ये जा, सेक्रेटरीला भेटा, टँकरची बिलं बघा. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका. भोगवटा मिळालेल्या इमारतीत जीएसटी लागत नाही, हाही फायदा आहे. दोन बेडरूमचा हट्ट सोडा. महापालिकेच्या नळाचं पाणी असलेल्या जुन्या वस्तीतला, वीस वर्षांच्या इमारतीतला एक बेडरूमचा फ्लॅट हा पोहायच्या तलावाशेजारच्या टँकरवरच्या मोठ्या फ्लॅटपेक्षा संसाराला बरा. फक्त तिथं जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावावर झालंय का, ते बघा. पाहुणे नावं ठेवतील, ठेवू द्या. ते दोन दिवसांसाठी येतात. आणि लांब जायचंच असेल तर रेल्वे स्टेशन धरा. लोणावळ्याच्या बाजूला लोकल आहे. सोलापूर रोडच्या बाजूला मांजरी, लोणी, उरुळी ही स्टेशनं आहेत.

पण हा नुसता शहाणपणानं घर निवडायचा प्रश्न नाही. लाखो माणसं एकाच वेळी एकसारखी ‘चूक’ करत असतील तर ती त्यांची चूक नसते, त्यांच्यापुढं दुसरा रस्ताच ठेवलेला नसतो. म्हणून मागण्या सरकारकडे आहेत. एक, पाण्याचं हमीपत्र प्रकल्पाच्या रेराच्या पानावर टाका आणि करारनाम्याला जोडणं सक्तीचं करा. दोन, हमी मोडली तर टँकरचं बिल बिल्डरकडून वसूल करा, त्याच्या पुढच्या प्रकल्पाची परवानगी तोपर्यंत रोखा. तीन, जो परवानगीचं शुल्क घेईल त्यानंच पाणी द्यायचं, हद्दीचा खेळ बंद. चार, पुणे-दौंड मार्गाला उपनगरी दर्जा द्या आणि लोणावळ्याच्या बाजूला आहेत तशा लोकल सोडा. रूळ आहेत, वीज आहे, स्टेशनं आहेत, कमी आहे ती इच्छेची.

पुण्यातल्या सोसायट्यांच्या सेक्रेटरी-चेअरमन मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे. उद्याच माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि आपल्या इमारतीच्या हमीपत्राची प्रत मागा. अर्जाला दहा रुपये लागतात, टँकरला किती लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. प्रत मिळाली की मला पाठवा. बिल्डरचं नाव, तारीख आणि काय लिहून दिलंय, ते शब्दशः छापायची जबाबदारी माझी.