भिंत पाडण्यापूर्वी

पावसाळा ओसरला, दिवाळी पार पडली, की आमच्या गावांतून घरे वाढविण्याचा हंगाम सुरू होतो. मुलाचे लग्न ठरलेले असते, भावाभावांत वाटणी झालेली असते, अथवा ओसरीच्या जागी दुकान काढावयाचे असते. जागा तेवढीच आणि माणसे वाढलेली; तेव्हा घर वाढविणे ही काही चैन नव्हे. परंतु 'ही भिंत काढून टाकू, काही होत नाही' या गवंड्याच्या एका वाक्यावर सारे काम उरकले जाते, हे आम्हांस चिंतेचे वाटते.

घरातील सर्व भिंती सारख्या नसतात. साडेचार इंची पडदी केवळ खोल्या वेगळ्या करते. ती काढल्याने सहसा बिघडत नाही. परंतु जिच्यावर तुळया टेकल्या आहेत, माळवद अथवा वरचा मजला जिने उचलून धरला आहे, त्या भिंतीची गोष्ट निराळी. आमच्या पेठांतील कित्येक जुनी घरे दगडमातीची. त्यांत लोखंडी सळयांचा सांगाडा नाही. सारा भार वाहतात त्या भिंतीच. अशा भिंतीस दुकानाच्या शटरएवढे भगदाड पाडावयाचे, तर आधी वरचा भार टेकूंवर घ्यावा लागतो, मग तुळई बसवावी लागते, तिची दोन्ही टोके भक्कम बांधकामावर पुरेशी टेकवावी लागतात, आणि ती काँक्रीटची असल्यास पक्की होईपर्यंत टेकू काढता येत नाहीत. नवी खोली जुन्या घरास जोडतानाही तीच सावधगिरी हवी. जुना पाया वर्षानुवर्षांच्या भाराने बसलेला असतो, नवा बसावयाचा असतो. मग सांध्यावर भेग पडते, आणि आम्ही ती गिलाव्याने बुजवून वर रंग देतो!

मुंबईत घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी चार मजली इमारत कोसळून १७ माणसे प्राणांस मुकली. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत इमारतीच्या आधारालाच धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला. हे मुंबईचे म्हणून सोडून देण्याची सोय नाही. आपल्याच बेळगाव तालुक्यातील बडाल अंकलगी येथे ६ ऑक्टोबर २०२१ रोजी पावसाने भिजलेली भिंत कोसळली आणि सात जण गेले. मातीत बांधलेली भिंत पाणी प्याली की काय होते, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको.

परवाना म्हणजे पालिकेला भरावयाचा आणखी एक कर, अशी समजूत रूढ झाली आहे. ती रूढ होण्यास पालिकांचाही हातभार आहे. पाया खणल्यावर तो बुजविण्याआधी, सळया बांधल्यावर काँक्रीट ओतण्याआधी, आणि भिंत फोडताना टेकू उभे असता, अशा वेळी अभियंत्याने येऊन पाहिले तर त्या पाहण्याला अर्थ. गिलावा झाल्यावर येणाऱ्यास दिसणार काय? रंग! सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट बजावले आहे, की बांधकाम चालू असता अधिकाऱ्यांनी वेळोवेळी पाहणी करून तिची नोंद ठेवावी, आणि काम मंजूर नकाशाप्रमाणे असल्याची खात्री झाल्यावरच पूर्णत्वाचा दाखला द्यावा. ही नोंद घरमालकाने मागून घ्यावी. ती मागण्याचा संकोच का वाटावा, हे आम्हांस कळत नाही.

येथे भाषेचा प्रश्नही आडवा येतो. ज्या शेऱ्यात टेकू कधी काढावे हे लिहिले आहे, तो कन्नडमध्ये, आणि वाचणारा मराठी गवंडी! संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडण्याचा अधिकार दिला आहे. त्याचा उपयोग करून निदान सुरक्षिततेच्या अटी तरी मराठीत मिळाव्यात, असा अर्ज नागरिकांनी अवश्य करावा.

आणि भिंत सामाईक असेल, तर पहिला घाव घालण्यापूर्वी शेजाऱ्यास बोलावून ती दोघांनी मिळून पाहावी. त्याच्या तुळया कोठे टेकल्या आहेत, हे त्याच्याच घरात जाऊन पाहावे लागते.