तलाव सरकारचा, पाळ कोणाची?

दिवाळीच्या सुमारास पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत हलका धान कापणीला येतो आणि भारी धान शेवटचे पाणी मागतो. परतीचा पाऊस फिरकला नाही, तर ते तलावानेच द्यायचे. तुडुम, म्हणजे तलावाचे पाणी सोडण्याचे दार, उघडून पाटाचे पाणी धानाच्या बांधीत पोचले की लोंबी भरते. पाट मध्येच फुटलेला असेल, तर हंगामभराची मेहनत पोचट निघते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत असे सहा हजारांवर माजी मालगुजारी तलाव आहेत. लोकांच्या तोंडी ते ‘मामा तलाव’. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने त्यातले अनेक बांधले. वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात उतरेल, अशी त्यांची आखणी. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती घालणे, पाट मोकळे करणे ही गावाने वाटून घेतलेली कामे होती.

१९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे शेतसारा वसुलीची जमीनदारी, संपली. तिच्याबरोबर तिचा जाचही गेला, हे चांगलेच झाले. पण तलाव सरकारजमा झाले, मोठे पाटबंधारे खात्याकडे आणि लहान जिल्हा परिषदेकडे गेले, आणि गावाचा हात पाळीवरून सुटला. मग गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली, काठ अतिक्रमणात गेले.

गडचिरोली-चंद्रपूरच्या अनुसूचित क्षेत्रात हा हात परत आणण्याची वाट कायद्यातच आहे. १९९६ चा पेसा कायदा लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवतो. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेची शिफारस असेल, तर तलाव किंवा लहान कालव्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. अट एवढीच, की हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडायची नाहीत.

ग्रामसभेला हे झेपेल का, या शंकेला मेंढा-लेखाने उत्तर दिले आहे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवून या गोंड गावाने बांबूची विक्री स्वतः केली, हिशेब स्वतः ठेवला.

म्हणून आमची सरकारकडे मागणी आहे: पाळ, तुडुम आणि पाटाच्या दुरुस्तीचा निधी दरवर्षी चैत्राआधी ग्रामसभेच्या खात्यात जमा व्हावा. अभियंत्याने तिला सल्ला द्यावा. गाळ किती खोल काढायचा, हे ठरवताना तलावावर जगणाऱ्या ढिवर मच्छीमारांना आणि रोवणी करणाऱ्या बायांनाही बैठकीत बोलवावे.