अस्सल जीप आणि प्रक्षिप्त इंजिन

जुन्या जीपगाड्यांच्या हौशी मालकांत सध्या दोन पंथ आहेत आणि ते एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. पहिला पंथ अस्सलवाद्यांचा. गाडी कारखान्यातून ज्या रूपात बाहेर पडली त्याच रूपात, रंगापासून स्क्रूपर्यंत, ती पुन्हा उभी राहावी असा यांचा आग्रह. दुसरा पंथ शक्तिवाद्यांचा. वरचे रूप जुने राहू द्यावे, बॉनेटखाली मात्र आजचे शंभर-सव्वाशे अश्वशक्तीचे इंजिन बसवावे, असे यांचे म्हणणे. एका गोष्टीवर मात्र या दोन्ही पंथांचे विलक्षण एकमत आहे. महाराष्ट्रातल्या असंख्य जीपगाड्यांत जे अशक्त डिझेल इंजिन वर्षानुवर्षे धडधडत राहिले, ते आधी काढून भंगारात घातले पाहिजे! हे एकमत आम्हांला मान्य नाही.

यात आमचा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या दारात १९६९ सालची उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी जीप उभी आहे. ती जन्मली पेट्रोलवर. १९८० नंतर केव्हातरी तिच्या तेव्हाच्या मालकाने, जो सातारा जिल्ह्यात रस्त्यांची कंत्राटे घेत असे, तिचे पेट्रोल इंजिन काढवले आणि डिझेल बसवले. आर.सी. पुस्तकात त्याची रीतसर नोंद आहे. काम ज्याने केले त्या मिस्त्रीचे नाव मात्र कुठेही नाही.

हा बदल त्या कंत्राटदाराने हौसेने केला नव्हता. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले. डिझेल मात्र शेती आणि मालवाहतुकीचे इंधन म्हणून सरकारने स्वस्त ठेवले, ते थेट ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याचा दर नियंत्रणमुक्त होईपर्यंत. तालुक्याच्या गावातला डॉक्टर, साखर कारखान्याचा शेतकी अधिकारी, वडापवाला, या साऱ्यांना जीप हवी होती आणि तिची तहान परवडत नव्हती. आमच्या ग्रामीण कथेत जीप आली की साहेब आला, धुरळा आला, पंचनामा आला. ती जीप सरकारी खर्चाने चालणारी. साहेबाची जीप लिलावात निघाल्यावर तिचे काय झाले, ही कथा फारशी कोणी लिहिली नाही. ती कथा गॅरेजात घडत होती.

तिथे काय घडत होते, ते जरा सविस्तर सांगायला हवे. परके इंजिन जीपच्या गिअरबॉक्सला सरळ बसत नाही. दोघांच्या मधे जाड लोखंडी प्लेट लागते आणि तिची भोके केसभर चुकली तरी क्लच खाल्ला जातो. ही प्लेट मिस्त्री स्वतः कापून घेई. इंजिन वजनाने जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एखादे पान वाढवावे लागे. डिझेलला दाब जास्त, म्हणून स्टार्टर आणि बॅटरी मोठी. पंख्याला जागा नाही, म्हणून रेडिएटर पुढे सरकवायचा. याचे पुस्तक नव्हते. एका मिस्त्रीचे पाहून दुसरा शिके आणि शिकताना त्यात आपले काही घाली. आमच्या जीपमधल्या प्लेटला एक भोक जास्तीचे आहे. ते आधी चुकीच्या जागी पडले, मग नीट वितळवून बुजवले आणि कानशीने सपाट केले. आम्ही ते भोक अधूनमधून पाहतो.

आता कायदा काय म्हणतो पाहा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने वाहन यात येते, पण ते मूळ रूपात जपलेले हवे. चॅसी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे जी जीप कोणाच्या तरी गोदामात बिनकामाची पडून राहिली तिला ‘व्हीए’ अक्षरांची मानाची पाटी मिळेल. जी पन्नास वर्षे राबली आणि राबता यावे म्हणून बदलली, ती व्हिंटेज नव्हे, नुसतीच जुनी. नियम करणाऱ्यांना कुठेतरी रेघ ओढावी लागते हे आम्ही समजू शकतो. पण हौशी मंडळींनी ती रेघ सौंदर्यशास्त्र म्हणून का स्वीकारावी?

‘मूळ’ या शब्दाची तर गंमतच आहे. सीजे-थ्री-बीचे जे उंच बॉनेट अस्सलवाद्यांना प्राणापलीकडे प्रिय आहे, ते उंच का झाले? १९५३ साली विलीज कंपनीला आपल्या जुन्या जीपमध्ये हरिकेन नावाचे नवे इंजिन बसवायचे होते. ते आधीच्यापेक्षा उंच होते आणि झाकणाखाली मावत नव्हते. तेव्हा झाकण वर उचलले. म्हणजे अमेरिकेतल्या टोलेडोच्या कारखान्यात परके इंजिन बसवण्यासाठी अंग बदलले तर तो मूळ पाठ, आणि साताऱ्याकडच्या गॅरेजात तेच केले तर प्रक्षेप!

प्रक्षेपाचा विषय निघालाच आहे, तर आपल्याच घरातले उदाहरण घेऊ. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. जे श्लोक संपादकांना मागाहून आलेले वाटले ते त्यांनी संहितेतून वगळले, पण तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. कोणत्या प्रदेशाच्या पोथीत काय वाढले, हे आज आपल्याला त्यामुळेच कळते. पाठशुद्धीच्या नावाखाली पोथ्याच बंबात घालाव्यात असे कोणा संपादकाला सुचले नाही. जीपचा अस्सलवादी नेमके तेच करतो. कुठूनतरी हरिकेन इंजिन मिळवतो, बसवतो आणि निघालेले डिझेल इंजिन किलोच्या भावाने विकतो. मिस्त्रीची प्लेट त्याच ढिगात जाते. याला जीर्णोद्धार म्हणायचे असेल, तर काळ्या पाषाणाच्या देवळाला पांढऱ्या टाइल्स लावणारे विश्वस्तही जीर्णोद्धारकच.

शक्तिवाद्यांशी वाद थोडक्यात आटोपतो. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारचे डिझेल इंजिन १३० अश्वशक्तीचे आहे आणि त्या ताकदीला साजेशी चॅसी, ब्रेक व दांडे तिला दिलेले आहेत. ज्यांना शक्ती हवी त्यांनी थार घ्यावी. सीजे-थ्री-बीच्या दोन आसांतले अंतर अवघे ऐंशी इंच, आणि चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. तिच्या पोटात दुप्पट ताकद घातली की आधी गिअरबॉक्स रडतो, मग मागचा दांडा तुटतो. मग ते बदलावे लागतात, मग ब्रेक, मग स्टिअरिंग. शेवटी जीपचा मुखवटा घातलेली दुसरीच गाडी उरते. मुळात जीपला डोंगर चढवणारी गोष्ट अश्वशक्ती नव्हेच. ट्रान्सफर केसचा छोटा दांडा ‘लो’मध्ये टाकला की चाके सुमारे अडीचपट हळू फिरतात आणि त्याच प्रमाणात त्यांचा जोर वाढतो. कमी फेऱ्यांवरही ओढ न सोडणारे दुबळे डिझेल तिथे शोभून दिसते.

संथपणाचे तत्त्वज्ञान मात्र आमच्या माथी मारू नये. हल्ली जुन्या गाडीवर लिहिणारा प्रत्येकजण मंद गतीत जीवनाचे रहस्य शोधतो. हे स्मरणरंजन आम्हांला त्या दोन्ही पंथांइतकेच नकोसे आहे. वरंधा घाटात दुसऱ्या गिअरवर कण्हत असताना आणि मागे एस.टी. हॉर्न वाजवीत असताना कोणालाही रहस्य सापडत नाही; फक्त कानशिले तापतात. शिवाय धूर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला निश्चित कर्करोगकारकांच्या गटात घातले. अशी गाडी रोज शहरातून फिरवणे हा गुन्हाच आहे, आणि आम्ही ती फिरवत नाही. पंप आणि नोझल वेळच्या वेळी तपासून घेतो, महिन्यातून एकदोनदा गावाबाहेर नेतो. संग्रहालयातली तोफ जपावी म्हणणारा रोज तोफ डागा म्हणत नसतो.

गेल्या दिवाळीनंतर एक दलाल आमच्याकडे आला. गाडी पाहून खूश झाला, बॉनेट उघडल्यावर हिरमुसला. म्हणाला, गिऱ्हाईक मोठे आहे, मूळ पेट्रोल इंजिन तेच बसवून घेतील, तुम्ही हे धूड आधी काढून ठेवा, त्याचे वेगळे पाच-सहा हजार सुटतील. आम्ही सांगितले की इंजिन, प्लेट आणि आर.सी. पुस्तकातली ती नोंद, सारे एकत्र जाईल. आणि इंजिन काढलेच तर ते प्लेटसकट आमच्या दारात परत आणून द्यायचे, असे कागदावर लिहून हवे. विचारून सांगतो म्हणाला. अजून त्याचा फोन आलेला नाही.