अकराच्या आधीचा अर्धा तास

२०२५ची सुरुवात शेगाव तालुक्यातल्या गावकऱ्यांच्या केसगळतीने झाली आणि सरता सरता अतिवृष्टीने सोयाबीन झोडपले. त्यांवर या दिवाळी अंकात लेख आहेतच. आम्हांला वर्षभर टोचत राहिले ते दहावी-बारावीच्या पोरांना ऐकवले जाणारे एक वाक्य : ‘टेन्शन घेऊ नको.’ पहाटे ऊठ, प्राणायाम कर, मोबाइल दूर ठेव. सल्ला वाईट नाही. पण त्यात ताण हा पोराच्या स्वभावाचा दोष ठरतो आणि तो देणारे सगळे नामानिराळे राहतात. ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणिताच्या पेपरची पाने सिंदखेडराजात अकराला सुरू होणाऱ्या परीक्षेच्या अर्धा तास आधी मोबाइलवर फिरली. अटक झालेल्यांत शिक्षकही होते. वर्षभर गणिते घासलेल्या मुलीला त्या दिवशी प्राणायाम काय देणार होता? पेपरफुटीच्या धास्तीने परीक्षा मंडळाने पेपर दहा मिनिटे आधी देणेही त्याच वर्षी बंद केले होते. ओरड झाल्यावर ती मिनिटे शेवटी जोडली. गैरप्रकार मोठ्यांचे, धावपळ पोरांची.

थोडा ताण हवाच, त्याशिवाय पोरं पुस्तक उघडत नाहीत, असे कुणी म्हणेल. मान्य. पण अभ्यासाचा ताण पेपर लिहिला की उतरतो. एका गुणपत्रिकेवर अख्ख्या घराचे भवितव्य टांगल्याचा ताण उतरत नाही. शेतीवरचा भरवसा उडालेला बाप सगळे त्या कागदावर लावतो. त्याला दोष देणे सोपे आहे, आम्ही देणार नाही. मात्र एक गोष्ट त्याला पोराआधी कळते. पावसाने दगा दिला की आपण दुबार पेरतो आणि त्याची लाज कुणालाच वाटत नाही. निकालानंतर काही आठवड्यांत होणारी पुरवणी परीक्षा ही तशीच दुबार पेरणी. ती असते, हे निकाल लागल्यावर रडत्या पोराला सांगून उपयोग नाही. आज, फराळाच्या ताटावर सांगा.

आणि शाळेलाही विचारा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी बजावले आहे. नेमणुकीला पैसा नाही, हे उत्तर मिळेल. गॅदरिंगच्या मांडवाला वर्गणी जमते, तर यालाही जमेल. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत असते. सुटी संपून शाळा उघडेल त्या दिवशी फाटकातून आत जा आणि समुपदेशकाचे नाव विचारा.