चालणाऱ्यांचा जिल्हा

या सदराच्या वाचकांना माझी थोरली बहीण अक्का ठाऊक आहे. ती बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईस राहते. अक्का मला कधी काही सुचवीत नाही, फर्मावते. गेल्या जानेवारीच्या अखेरीस तिचा फोन आला, "चार फेब्रुवारीला इकडे ये. चालायचं आहे."

मी म्हटले, "अक्का, माझे गुडघे..."

"गुडघे घेऊनच ये," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही. मी निघालो.

चार फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन. गावातल्या मंडळींनी त्या सकाळी योगेश्वरीच्या देवळापासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत फेरी काढायचे ठरवले होते. प्रत्येकाने शंभर रुपये द्यायचे आणि चालायचे. जमलेला पैसा गरीब रोग्यांना उपचारांसाठी बार्शीला किंवा मुंबईला जाण्यायेण्याच्या भाड्यासाठी द्यायचा. मी शंभर रुपये दिले. बदल्यात एक पांढरी टोपी मिळाली. तिच्यावर तांबड्या अक्षरांत लिहिले होते, 'कॅन्सरशी लढा'. टोपी मला लहान होत होती. त्यामुळे लढाई डोक्याच्या मागच्या बाजूस सरकत होती.

देवीला नमस्कार करून आम्ही निघालो. पुढे शाळेची मुले, मागे डॉक्टर मंडळी, आणि त्यांच्या मागे आम्ही पेन्शनर. अक्का मात्र मुलांबरोबर होती. मुलांना ती टेरी फॉक्सची गोष्ट सांगत होती. कॅनडातील हा पोरगा. १९७७ साली कर्करोगामुळे त्याचा एक पाय कापावा लागला. १९८० साली तो कृत्रिम पाय लावून पैसे जमवण्यासाठी देशभर धावायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. मग रोग फुप्फुसांत पोचला आणि त्याला थांबावे लागले. पुढच्या वर्षी बाविसाव्या वर्षी तो गेला. पण त्याच्या नावाने अजून गावोगाव माणसे धावतात.

मुले ऐकत होती, पण फारशी चकित झालेली दिसली नाहीत. त्यांचे तरी काय चुकले? हा जिल्हाच मुळी चालणाऱ्यांचा. शेगावहून पंढरीला निघालेली गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते. पैठणची नाथांची पालखीही याच जिल्ह्यातून जाते. आणि देवासाठी चालणाऱ्यांहून कितीतरी अधिक माणसे पोटासाठी वाट धरतात. दिवाळीच्या आगेमागे लाखो ऊसतोड कामगार ट्रकांतून आणि ट्रॅक्टरांतून, भांडीकुंडी अन् लेकरे घेऊन, कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. बाईने डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचे. एक दिवस अंग टेकले, तर 'खाडा', आणि खाड्याचे पैसे कापून घेतात.

म्हणजे फेब्रुवारीत आम्ही ज्या जिल्ह्याला जागे करीत चाललो होतो, त्यातला मोठा भाग त्या सकाळी दूर कुठेतरी उसाच्या फडात होता!

मंडी बाजारापाशी रस्त्याच्या कडेला एक बाई बोरांची पाटी घेऊन बसली होती. वय पस्तीस असेल. पण उठताना कमरेवर हात ठेवून पन्नाशीच्या बाईसारखी उठली. तिने मला विचारले, "काका, हे कुणाच्या इलेक्शनचं म्हणायचं?"

मी म्हटले, "इलेक्शन नाही बाई. कॅन्सरचं आहे."

"टोपीवर काय लिव्हलंय?"

"कॅन्सरशी लढा."

तिने टोपीकडे पाहिले. म्हणाली, "लढू की. पर आधी हाय का न्हाई, ते तर सांगावं कुणी."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. एवढ्यात अक्का मागे वळून आली आणि सरळ तिच्याशेजारी पोत्यावर बसली. दोघी हलक्या आवाजात बोलू लागल्या. मी बोरे निवडण्याचे निमित्त केले. पण कान काही बोरांत नव्हते.

ती सत्तावीस वर्षांची असताना तिच्या अंगावरून पांढरे जात होते. फडावरून आल्यावर नवऱ्याने एका दवाखान्यात नेले. तेथे सांगितले, पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. दोन लेकरे झालेली होती. उचलीतले पैसे देऊन पिशवी काढून घेतली. तेव्हापासून कंबर धरली ती सुटली नाही. मोळी उचलत नाही म्हणून नवरा आता भावाबरोबर जातो आणि ही मागे बोरे विकते.

"काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का? काही कागद दिला?" अक्काने विचारले.

"कागद कसला, बाई?"

अक्का काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी शिकलेली. मला गाठ लागली, तर मी आठ महिने कुणाला सांगितलं नाही. भ्याले म्हणून. तू भ्यालीस म्हणून धावत गेलीस, मी भ्याले म्हणून गेलेच नाही."

हे मला नवीन होते. सहा वर्षांपूर्वी मुंबईत अक्काचे स्तनाचे ऑपरेशन झाले, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. पण त्याआधीचे आठ महिने तिने आम्हां कोणालाच कधी सांगितले नव्हते. आमच्या घरात त्या रोगाचे नावच कोणी घेत नसे. मावशी गेली, ती 'त्या आजाराने' गेली. जिच्या फळ्यावर फुप्फुसांच्या आकृत्या रंगीत खडूने काढलेल्या असत, तिलाही तो शब्द उच्चारता आला नाही.

"ऊठ," अक्का तिला म्हणाली, "आम्ही दवाखान्यातच चाललो आहोत. आज तिथं बायकांची तपासणी आहे."

"आन् पाटी?"

अक्काने माझ्याकडे पाहिले. पुढचे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. फेरी रुग्णालयाकडे गेली आणि मी 'कॅन्सरशी लढा' अशी टोपी घालून मंडी बाजारात बोरे विकत बसलो.

गिऱ्हाईक फार नव्हते. विचार करायला सवड होती. तिची गोष्ट एकटीची नाही. २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सहा जणींत एक! अंगावर पांढरे जाणे हे पुष्कळदा साध्या जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि ते औषधाने बरे होते. तेवढ्यासाठी तरुणपणी गर्भाशय, आणि त्याबरोबर बीजांडेही काढली, की पाळी अकाली संपते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. मग मोळी उचलणार कशी?

दैवाची थट्टा अशी की, 'हाय का न्हाई' या तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे मोठे काम शेजारच्याच जिल्ह्यात झालेले आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बहुतेक एका विषाणूमुळे होतो; तो संबंध दाखविणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. विषाणू शिरल्यापासून कर्करोग होईपर्यंत वर्षानुवर्षे जातात. तेवढ्या काळात त्याला गाठता येते. मुंबईचे टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केली आणि दोष सापडलेल्यांवर वेळीच उपचार केले, तरी या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी होतात. तपासणी काय, तर छोट्या ब्रशाने घेतलेला नमुना. पाच मिनिटांचे काम. त्याला ना सुरी लागते, ना उचल.

तरीही एक बाई न तपासता पोट चिरून घेते आणि दुसरी न तपासता गाठ पदराखाली झाकून ठेवते. भीती तीच. गरिबाघरी ती घाई करते आणि आमच्यासारख्यांच्या घरी टाळाटाळ करते, एवढाच फरक. रोगाशी लढा म्हणून आपण माणसांच्या डोक्यावर टोप्या घालतो. पण लढण्याआधी खरे काय ते कळण्याचा प्रत्येकीला हक्क आहे, हे टोपीवर लिहायचे राहून जाते.

तासाभराने दोघी परत आल्या. ती म्हणाली, "डागदरीण बाईनं नीट बघितलं. कॅन्सरचं काही दिसत न्हाई म्हणल्या. हाडाला गोळ्या दिल्यात." जरा थांबून पुन्हा म्हणाली, "आठ वर्षं झाली. काही न्हाई, असं पयल्यांदा कुणी सांगितलं."

मग तिने पाटीत पाहिले, गल्ल्याचे पैसे मोजले आणि म्हणाली, "काका, तुम्ही वीस रुपये कमी घेतले."

मी वीस रुपये भरले. अक्का आणि ती, दोघीही हसल्या. माझी फेरी तेवढी अर्धवट राहिली.

यंदा अक्काने मंडळींना नवे फर्मान काढले. फेब्रुवारीची फेरी हवी तर काढा; पण खरी फेरी श्रावणात, टोळ्या गावात असताना, वस्तीवरून आरोग्य केंद्रापर्यंत. शेवटी भाषण नको, तपासणी हवी. तशी ती निघालीही. अंतर जेमतेम एक किलोमीटर. पुढे अक्का आणि बोरेवाली. पहिल्या वेळी एकोणीस जणी आल्या. मी विचारले, "एवढ्याच?" अक्का म्हणाली, "एकोणीस जणींना कळलं."

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा फराळाची ताटे भरलेली असतील आणि बीडच्या रस्त्यांवरून ट्रक निघालेले असतील. करंजीच्या सारणातली पिठीसाखर कोणाच्या डोक्यावरून आली, हे एकदा आठवावे. आणि घरातल्या एखाद्या वहिनीने, मावशीने काही पदराखाली झाकून ठेवले आहे काय, हेही या चार दिवसांत हलकेच विचारावे. त्या रोगाचे नाव घेतल्याने तो होत नाही.

अक्काचा फोन परवाच येऊन गेला. पुढच्या श्रावणात मला बोलावले आहे. गुडघे घेऊनच.